शेष घोडी : एक

"अवं, नाकापुढं हात धरून किती येळ बसता? मेली ती. मी आंबील घिऊन आले तवाच मेलेली हुती," कडूबाई म्हणाली.

"थांब जरा," लिंबाजी जमादार म्हणाला. "मागं एकदा अशीच मेली हुती. दुपारी उठली."

"त्याला तीन सालं झाली. आता डोळ्यावर माश्या बसायल्यात, बगा."

लिंबाजीनं हात काढून घेतला. घोडी चारी पाय लांब करून गोठ्यात पडली होती. तिचं नाव बिजली, पण गेली सहा वर्षं तिला बसल्या जागेवरून उठायला एक विडी ओढून होईल इतका वेळ लागायचा. मरायला मात्र तिनं अजिबात वेळ लावला नव्हता. नऊ वर्षं सांभाळलेलं जनावर गेल्यावर माणसाला रडू यावं. लिंबाजीला सरकारी कागदावरचा घोड्यांचा रकाना आठवला.

"परवा सायेब यायलाय तपासणीला," तो म्हणाला. "आन् हिला आजच मरायचं हुतं. दोन दिस दम निघंना."

"तिला काय हुकूम काढून सांगायचं हुतं का?" कडूबाई म्हणाली, आणि आंबिलीचं भांडं घेऊन आत गेली. भांडं तिनं जरा जोरातच आपटलं. मग बराच वेळ ती बाहेर आली नाही.

चारठाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, तीनशे एकरांचं सरकारी कुरण होतं. गाव त्याला रमणा म्हणायचं. निजामी अमलात तिथलं गवत रिसाल्याच्या घोड्यांसाठी राखत, आणि ते राखायला फसली १३४१ साली, म्हणजे इसवी १९३१ला, लिंबाजीला जमादार म्हणून नेमलं होतं. अठ्ठेचाळीस साली राज्य गेलं, रिसाला मोडला, घोडे पांगले. एक घोडी तेवढी पाय सुजला म्हणून मागं राहिली. "उद्या येऊन नेतो," असं सांगून गेलेला स्वार अजून यायचा होता.

लिंबाजीनं नव्या सरकारला अर्ज केला : घोडे गेले, गवत राहिलं, काय करावं? दीड वर्षानं हुकूम आला. 'रिसाल्याच्या घोड्यांचे भागून उरलेले गवत गावच्या जनावरांस चारण्यास हरकत नाही. शेष घोडी : एक.'

तेव्हापासून गावातली साडेसातशे गुरं बिजलीच्या उष्ट्यावर जगत होती. अडचण इतकीच, की बिजली गवत खात नव्हती. तिला दातच उरले नव्हते. ती कडूबाईच्या चुलीवरची ज्वारीची आंबील प्यायची. "तीनशे एकर गवताची मालकीन," कडूबाई म्हणायची, "आन् बसती माज्या चुलीवर नजर लावून."

दात गेल्याचं लिंबाजीनं इमानदारीनं कचेरीला कळवलं होतं. उत्तर आलं : 'सदर घोडी ताब्यात घेताना दात किती होते, व ते कोणाच्या हयगयीने गहाळ झाले, याचा खुलासा करावा.' लिंबाजीनं खुलासा केला की दात वयानं पडले. कचेरीनं विचारलं, पडलेले दात जमा केले आहेत काय. त्यानंतर दर साली तो फक्त 'घोडे : १, प्रकृती : ठीक' एवढंच लिहू लागला. बिजलीनं आणखी काही गमावलं असतं तरी त्यानं ते कळवलं नसतं.

कचेरीला त्याचा स्वतःचाही हिशेब लागत नव्हता. छप्पन साली जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि नवे कारकून आले. त्यांतल्या एकानं १३४१ हे साल इसवी धरून वजाबाकी केली आणि लिंबाजीला नोटीस धाडली, की आपली नोकरी सहाशे सोळा वर्षे झालेली दिसते, तरी आपण अद्याप निवृत्त का झाला नाहीत. लिंबाजी तालुक्याला जाऊन त्या कारकुनापुढं उभा राहिला. कारकुनानं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "कागदावर तसंच दिसतंय खरं." अजून त्या नोटिशीचा निकाल लागला नव्हता.

पण या सगळ्याचा त्याला राग नव्हता. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. सव्वीस वर्षं त्यानं काय केलं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं रमण्याचे तीन पट्टे पाडले होते. दर साली एक पट्टा पावसाळाभर बंद. बोरीबाभळीच्या काट्यांचं कवाड लावलं की मारवेल, पवन्या ही चांगली गवतं फुलून त्यांचं बी जमिनीवर पडेपर्यंत आत पाय ठेवायचा नाही, बैलानं नाही, माणसानंही नाही. बी पिकलं का, हे बघायची त्याची एक रीत होती. मारवेलीचं कणीस तळहातावर चोळायचं आणि फुंकर मारायची. फोल उडून बी हातावर राहिलं तर पिकलं, सगळंच उडालं तर थांबायचं. साधारण दिवाळीच्या पाडव्याला बी हातावर राहायचं. त्या दिवशी कडूबाई पहिल्या गायीला ओवाळायची, लिंबाजी कवाड काढायचा, आणि गावची गुरं आत शिरायची. तो आला तेव्हा या माळावर नुसती कुसळ होती, गुरांच्या जिभा फाडणारी. आता चांगलं गवत मांडीला लागत होतं. बासष्ट खेड्यांच्या तालुक्यात असं कुरण दुसरं नव्हतं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, लिंबाजी स्वतः चालून बघून आला होता.

आता बिजली मेली म्हणजे शेष घोडी शून्य. शून्य घोड्यांना कुरण कशाला? गावातल्या आबासाहेबांनी, ज्यांच्या चारशे एकर जमिनीला रमण्याची हद्द लागून होती, दोन सालांपूर्वीच दरखास्त दिली होती, की रमणा नांगराखाली आणावा आणि आपल्याला कसायला द्यावा. धान्य वाढवायचे दिवस होते. दरखास्त अडून राहिली होती ती एका बोळक्या घोडीमुळं.

तेवढ्यात गावची गुरं राखणारा भुजंग काठी आपटत आला. दर साली काट्याच्या कवाडापाशी उभं राहून तो लिंबाजीशी भांडायचा आणि शेवटी बिजलीला शिव्या घालायचा. "मर की गं भवाने, तुज्यापायी माजी गुरं उपाशी मरायलीत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तिच्याचमुळं गुरांना गवत मिळतंय, हे लिंबाजी त्याला दर साली समजावायचा आणि दर साली त्याला ते कळायचं नाही. आज त्यानं गोठ्यात डोकावून बघितलं आणि मटकन खाली बसला.

"मेली व्हय?" तो म्हणाला. "म्या इतके दिस सांगत हुतो तवा मेली न्हाई!"

"आता गप की," कडूबाई आतून म्हणाली.

"न्हाई पन जमादार, आता सायबाला काय दावणार?"

"काय दावणार? खरं ते सांगणार. घोडे शून्य."

"येड लागलं का? आबासायेब सोमवारी नांगर घालतेल."

"मंग काय करू? मी शेपूट लावून हुभा राहू गोठ्यात?"

भुजंगनं या सूचनेचा खरोखरच थोडा विचार केला. मग म्हणाला, "पांढरीच हुती न्हवं बिजली? पल्याडच्या गावात नवरदेवाची घोडी हाय. पांढरी. तानुबाईची. लगीनसराई न्हाई, रिकामीच उभी हाय. दोन दिसांसाठी आणतो."

सव्वीस वर्षांत लिंबाजीनं कागदावर खोटं लिहिलं नव्हतं. तो नाही म्हणणार होता. तोंडही उघडलं होतं त्यानं. पण दारातून बंद पट्टा दिसत होता. मारवेल कंबरेत वाकून उभी होती आणि पाडव्याला अजून बारा दिवस होते.

"खड्डा खनायला पहार आण आधी," तो एवढंच म्हणाला.

मुरमात खड्डा खणायला दोघांना दिवस पुरला.

दुसऱ्या दिवशी भुजंग घोडी घेऊन आला. घोडी देखणी होती, तरणी होती, आणि तिची शेपटी गुलाबी होती.

"हे काय?" लिंबाजी म्हणाला.

"रंगीवलेली हाय. लग्नात बरी दिसती."

"सरकारी घोडीची शेपूट गुलाबी?"

"धुतली की जाईल."

कडूबाईनं राखेनं धुतली, रिठ्यानं धुतली, मग चिडून पायानं दगड सरकवला आणि पुन्हा राखेनं धुतली. गुलाबी रंग गेला आणि त्याखालचा केशरी वर आला. तो आदल्या सालच्या लगीनसराईचा असावा. शेवटी तिनं शेपटीला शेण थापलं. "सायेबानं इचारलं तर म्हणा, आजारी हाय," ती म्हणाली.

"शेपटीनं?"

"मंग तुमीच सांगा काय सांगायचं ते. तेवीस सालाच्या घोडीला एका रातीत दात आले, हे तरी कुठं कळीवलंय?"

लिंबाजीनं घोडीचं तोंड उघडून बघितलं. सगळे दात होते. आता हे दात कुठून जमा झाले, याचा खुलासा मागतील, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्या रात्री त्यानं भाकरी खाल्ली नाही.

शनिवारी सकाळी जीप आली. साहेबांचं नाव दिनकरराव, पुण्याकडचे, वय तिशीचं, बोलणं गोड. अशा माणसाशी भांडण करता येत नाही आणि त्यामुळं मनातलं मनातच राहून जातं. बरोबर आबासाहेब होते. साहेबांच्या स्वागताला आबासाहेबांनी हलगीवाले आणले होते. बाहेरचा हुद्देदार शिवेवर आला की हलगी वाजवून त्याला गावात घ्यायचं, ही रीतच होती. भुजंगच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. लिंबाजीच्याही आलं नव्हतं.

साहेब गोठ्यापुढं आले आणि मागून हलगी कडाडली.

घोडीनं कान टवकारले. पुढचा उजवा पाय उचलला. मग डावा. भुजंगनं दावं घट्ट धरलं, पण तिच्या दृष्टीनं तो वऱ्हाडी होता. ती जागच्या जागी ठुमकायला लागली, मान वाकडी करून एक गिरकी घेतली. शेपटीचं वाळलेलं शेण खळाखळा गळून पडलं आणि केशरी झुबका उन्हात झळकला. भुजंग दाव्यासकट तिच्याभोवती फिरत होता. मग हलगीनं ठेका बदलला, तशी ती दोन पावलं पुढं आली आणि पुढचे पाय मोडून साहेबांपुढं अदबीनं झुकली.

हलगी थांबली. लिंबाजीनं डोळे मिटून घेतले.

"वा!" दिनकरराव म्हणाले. "याला म्हणतात रिसाल्याची शिस्त! आणि निशाणाचा रंगसुद्धा जपलाय शेपटीला. जमादार, इतकी वर्षं तुम्ही ही तालीम चालू ठेवलीत?"

"जी," लिंबाजी म्हणाला.

"घोडी वळखीची वाटायलीय," आबासाहेब हळूच म्हणाले. वैशाखात त्यांचा धाकटा मुलगा याच घोडीवर बसून मारुतीला गेला होता. लिंबाजीनं त्यांच्याकडं बघितलं. आता हे बोलणार. पण आबासाहेब मिशीतल्या मिशीत हसले. त्यांना बोलायची गरज का वाटली नाही, हे लिंबाजीला कळेना.

"साहेब," तो म्हणाला, "मंग लिवून घ्या. शेष घोडी, एक."

दिनकररावांनी कागद काढला, वरून खाली वाचला, उलटून बघितला. "घोड्यांचा रकाना नाहीये हो," ते म्हणाले.

"जी?"

"नवा नमुना आहे. घोडे, उंट, हत्ती सगळे रकाने काढून टाकले गेल्या साली. आता फक्त जमीन."

"पन हुकमात हाय साहेब. घोड्याचं भागून उरलेलं—"

"तो हुकूम जुन्या राज्याचा. रद्द झाला गेल्याच साली. तुम्हाला प्रत आली नाही?"

लिंबाजीला प्रत आली नव्हती. म्हणजे गेलं वर्षभर बिजली उगीचच जगत होती. तिच्या आंबिलीसाठी कडूबाई पहाटे उठत होती, आणि कालपासून तो चोरासारखा तोंड लपवत होता, तेही उगीचच. भुजंगनं दावं सोडून दिलं. घोडी हलगीवाल्यांकडं आशेनं बघत उभी राहिली.

"चला, जमीन बघू," साहेब म्हणाले.

लिंबाजीनं कवाड बाजूला करून त्यांना बंद पट्ट्यात नेलं. पावसाळा लागल्यापासून तिथं माणसाचा पाय पडला नव्हता. साहेब पॅन्ट सावरत, गवत सारत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेले. परत आल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"इथं काय पेरलंय, जमादार?"

"पेरलेलं न्हाई साहेब. राखलंय."

"म्हणजे पेरलेलं काही नाही."

"मारवेल हाय. पवन्या हाय. तीन सालाच्या पाळीनं—"

"उगवलंय ते आपोआप ना?"

"आपोआप कसं साहेब! हितं नुसती कुसळ हुती. सव्वीस सालं..." सव्वीस वर्षं आपण काय केलं, तर गुरांना आत येऊ दिलं नाही. काय केलं, तर काही केलं नाही. हे सांगायचं कसं? त्यानं साहेबांच्या पायांकडं बोट दाखवलं. "तुमची पँट बगा साहेब."

दिनकररावांनी बघितलं. "काय आहे?"

"कायबी न्हाई. तेच दावायलो. दुसऱ्या कुठल्याबी माळावरून चालून बगा, कुसळानं पाय भरत्यात. हितं एक कुसळ न्हाई लागली तुमाला."

दिनकररावांनी दोन्ही पाय आळीपाळीनं उचलून बघितले. खरोखरच एकही कुसळ नव्हती. "छान," ते म्हणाले, आणि कागदावर लिहिलं : 'पडीक.'

लिंबाजीला मराठी अक्षर सावकाश वाचता यायचं. तो तीन अक्षरी शब्द त्यानं दोनदा वाचला. सव्वीस वर्षांच्या नोकरीबद्दल सरकारनं दिलेला तो पहिलाच अभिप्राय होता.

"पडीक जमीन आबासाहेबांना कसायला द्यायचीय. सोमवारी ट्रॅक्टर येईल," साहेब म्हणाले. "तुमची काळजी करू नका. ट्रॅक्टरला रात्रंदिवस राखणदार लागणारच. राखायची तुम्हाला सवय आहे."

"साहेब, धा दिस थांबता का? बी पडू द्या. पाडव्याला पट्टा उघडतो, गुरं खात्याल, मंग नांगरा."

"बी पडून काय करायचं? नांगरायचंच आहे."

लिंबाजी याचं उत्तर शोधायला लागला. जीप निघून गेली तरी तो शोधत होता.

"रकानाच न्हाई म्हणं," भुजंग म्हणाला. "आन् म्या घोडीमागं चार कोस पळालो."

"तुज्या घोडीच्या आयला," लिंबाजी म्हणाला. नोकरीत त्यानं कुणाला शिवी दिलेली ही पहिलीच खेप होती. भुजंगला ती आदरानं ऐकून घ्यावीशी वाटली.

सोमवारी उजाडता उजाडता लिंबाजी उठला. साफा बांधला, पितळी बिल्ला लावला. भुजंगला निरोप धाडला, की सगळी गुरं घेऊन बंद पट्ट्यापाशी ये. मग तो काट्याच्या कवाडापाशी गेला आणि एकेक फांदी ओढून बाजूला टाकायला लागला.

मागून कडूबाई आली. हातात ताट होतं, ताटात निरांजन.

"पाडवा न्हाई आज," तो म्हणाला.

"आज धरा," ती म्हणाली.

गुरं आली. साडेसातशे जनावरांची धूळ लांबूनच दिसत होती. कडूबाईनं पुढच्या गायीला कुंकू लावलं, ओवाळलं. कवाड मोकळं होतं. आत कंबरभर गवत होतं.

गुरं थांबली.

पुढची गाय हद्दीच्या दगडाशी आली आणि उभी राहिली. तिच्यामागं दुसरी. मग सगळी. भुजंगनं काठी उगारली, हाळी दिली, शेपट्या पिळल्या. एक जनावर पाऊल पुढं टाकीना.

"जातेत का न्हाई बगा!" भुजंग ओरडला. "जमादार, तुमी आयुष्यभर ह्यांला हाकललं. आता आत घालून दावा."

गाय लिंबाजीकडं बघत होती. बी पडायच्या आत तिनं इथं तोंड घातलं की हा साफा, हा बिल्ला धावून येतो, हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्या आईलाही माहीत होतं. लांब, तालुक्याच्या वाटेनं ट्रॅक्टरची धडधड ऐकू यायला लागली होती.

"जा गं," लिंबाजी म्हणाला. गायीनं कान हलवले, पण हलली नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. तो वळला आणि गुरांकडं पाठ करून उभा राहिला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. नंतर मागं एक खूर वाजला. मग दुसरा. मग त्याच्या दोन्ही अंगांनी उबदार धक्के देत जनावरं आत शिरली, आणि गवत तुटल्याचा आवाज सुरू झाला, करकर, करकर, सगळा पट्टा भरून.

लिंबाजीनं मागं वळून बघितलं नाही. हाताशी लागलेलं मारवेलीचं एक कणीस त्यानं तोडलं, तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली.

सगळंच उडालं.